सागरतळीचे उपवन आणि यंत्रदूत

आम्हां खानदेशवासीयांस समुद्र हा बहुतांशी नकाशातला. गिरणा, वाघूर, पांझरा या आमच्या नद्या. त्या साऱ्या तापीत मिळतात आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते, एवढे आम्ही वर्गात मुलांकडून घोकून घेत असू. तेवढ्यावर आमचे सागरज्ञान आटोपे. तथापि समुद्राचा एक जिन्नस आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. जळगावच्या सराफ बाजारात मंगळाच्या अंगठीसाठी तो मागितला जातो आणि वैद्यांच्या बाटलीत प्रवाळभस्म होऊन तो राहतो. संस्कृतात त्यास विद्रुम म्हणतात, प्रवालही म्हणतात. आणि प्रवाल म्हणजे कोवळा अंकुरही. पूर्वजांनी त्यास वनस्पतीच्या नावाने ओळखले, यात नवल नाही. युरोपातील पंडितही अठराव्या शतकापर्यंत त्यास वनस्पतीच समजत. वस्तुतः पोवळे हे अगणित सूक्ष्म प्राण्यांनी मिळून बांधलेले घर आहे.

हे तांबडे पोवळे भूमध्यसमुद्रातले. त्याच्या बुंध्याची जाडी वर्षाकाठी अर्धा मिलिमीटरही वाढत नाही; म्हणजे बोटाएवढा जाड तुकडा सिद्ध होण्यास कित्येक दशके लागतात. तो काढण्याची जुनी रीत अशी की, लाकडाचा मोठा क्रूस करावयाचा, त्यास जाळी बांधावयाची आणि तो तळावरून फरफटत न्यावयाचा. हाती लागे त्याहून अधिक मोडून तळाशीच पडे. युरोपीय संघाने १९९४ साली ही रीत बंद केली.

शास्त्रज्ञांची रीत तरी फार निराळी होती असे नाही. 'इन्व्हेस्टिगेटर' हे मुंबईच्या गोदीत बांधलेले पाहणीचे जहाज १८८१ साली पाण्यात उतरले. त्यावरील डॉक्टर आल्फ्रेड अल्कॉक यांनी हिंदी समुद्राच्या खोल तळातून काढलेल्या प्रवाळांचे वर्णन १८९८ साली कलकत्त्यास प्रसिद्ध केले. ग्रंथ मोलाचा, यात शंका नाही. परंतु ते नमुने मिळाले लोखंडी चौकटीची जाळी तळावरून ओढून. डोळ्यांस पट्टी बांधलेल्या माणसाने बागेत फावडे फिरवावे आणि हाती आलेल्या काटक्यांवरून बागेचे वर्णन करावे, असाच तो प्रकार! कोणते झाड कोणाशेजारी होते, त्याच्या आश्रयास कोण होते, हे कळावयास मार्गच नव्हता.

आता तो मार्ग निघाला आहे. माणूस न बसवता जहाजावरून चालविले जाणारे यान तळाशी धाडतात. मोटेस जसा नाडा, तसा या यानास तार. हिच्यातून वीज खाली जाते आणि काचेच्या केसाएवढ्या तंतूंतून चित्रे वर येतात. बिनतारी लहरी खाऱ्या पाण्यात फार अंतर जात नाहीत, म्हणून ही तार हवीच. पाण्याचा दाब दर दहा मीटरांस एका वातावरणाने वाढतो. पाच हजार मीटरांवर तो पाचशे पट होतो. तेथे साधा बूच चेपून जाईल, म्हणून यान तरंगते ठेवण्यास पोकळ काचेचे सूक्ष्म गोळे राळेत मिसळून केलेला फेस वापरतात.

पाहणीचा क्रम मोठा शिस्तीचा असतो. प्रथम जहाजावरून ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून तळाचा नकाशा काढावयाचा. नंतर ठरविलेल्या सरळ रेषेवर यान जमिनीपासून हातभर उंचीवर, अगदी सावकाश न्यावयाचे; वेग वाढला किंवा पंखे जमिनीस लागले की गाळ उठून सारे अंधुक. यानातून दोन समांतर प्रकाशकिरण सोडतात, त्यांतील अंतर ठाऊक असते, त्यावरून चित्रातील प्रत्येक झुडपाचे माप घेता येते. नमुना हवाच असेल तर यांत्रिक हाताने एकच फांदी खुडावयाची. पुढे महिनोन्‌महिने चित्रे पाहून मोजदाद चालते. आम्हांस ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकांची आठवण करून देते.

अशा पाहण्यांतून जे दिसले ते अद्भुत आहे. सूर्यकिरण जेथे पोचत नाही, तेथेही प्रवाळ वाढतात. वरून पडणाऱ्या सूक्ष्म अन्नावर ते जगतात. नॉर्वेजवळ २००२ साली सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा प्रवाळखडक तीनचारशे मीटर खोलीवर सापडला. हवाई बेटांजवळच्या एका काळ्या प्रवाळाचे वय ४,२६५ वर्षे ठरले. म्हणजे हडप्पा नांदती होती तेव्हा हे प्रवाळ अंकुरले होते! आणि स्पंज म्हणजे केवळ पाटी पुसण्याची वस्तू असे आमच्या पिढीस वाटे, तोही प्राणीच. कॅनडाच्या पश्चिमेस १९८७ साली काचेसारख्या सांगाड्याच्या स्पंजांचे प्रचंड खडक आढळले. असे खडक पुराणयुगातच नामशेष झाले, असे पंडितांनी ठरवून टाकले होते. नऊ हजार वर्षे वाढलेली ती काच मासेमारीच्या जड जाळ्याखाली क्षणात फुटते, हे चित्रांत दिसले. २०१७ साली त्या सरकारने तो प्रदेश राखीव केला.

आमच्या देशात चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने 'रोसब ६०००' हे यान २०१० साली मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटरांपर्यंत उतरविले. ध्रुवप्रदेशासाठी केलेल्या तिच्या दुसऱ्या, लहान यानाने अंदमानच्या प्रवाळांचीही चित्रे घेतली. म्हणजे साधन नाही असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्राजवळ याचे काम कोठे, असे कोणी विचारील. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्यास 'आंग्रिया बँक' म्हणतात. राजवाड्यांनी जेथे देह ठेवला त्या धुळ्यात आंग्रे कोण हे सांगावयास नको. परंतु त्यांच्या नावाचे प्रवाळवन आहे, हे तेथेही थोड्यांस ठाऊक असेल. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १५. माथा वीस मीटरांवर, म्हणून तेथे उजेड पोचतो आणि पाणबुडे उतरू शकतात. मात्र कडा खाली शेकडो मीटर जातात. पाणबुड्याचा श्वास चाळीसेक मीटरांवर सरतो, पुढचे काम यानाचेच. तेथे एक विशेष अडचण आहे. अरबी समुद्रात सुमारे दीडशेपासून हजार मीटरांपर्यंत प्राणवायू फार थोडा. तेव्हा त्या उतारावर जीवसृष्टी कोठे थांबते आणि कोठे पुन्हा सुरू होते, हे रेषा आखून पाहिल्यावाचून सांगता यावयाचे नाही.

कायद्याचीही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यात २००१ साली प्रवाळांस पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंक्तीस, बसविले गेले. परंतु किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांचे पाणी तेवढे देशाच्या हद्दीचे. आंग्र्यांचे पठार ५५ मैलांहून दूर, म्हणजे २०० मैलांच्या त्या पट्ट्यात, जेथे मासळी व खनिजे यांवर आमचा हक्क आहे, पण किनाऱ्यासारखे अभयारण्य सहज करता येत नाही. तेथील व्यवहार १९७६ च्या निराळ्या कायद्याने, मध्यवर्ती सरकारच्या हाती. उद्या तेथे जाळी ओढावी की न ओढावी, तळ खोदावा की न खोदावा, हा प्रश्न दिल्लीस जाईल, तेव्हा कड्यावर अमुक ठिकाणी अमुक झुडपे आहेत असा चित्रांसह कागद पुढे ठेवता आला पाहिजे.