अध्यक्षांच्या दाराशी

‘राजा बोले, दळ हाले’ अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांविषयी आपली कल्पना थोडीफार अशीच असते. त्यांनी एक सही करावी आणि आरमारे हलावीत, बाजार चढावेत वा कोसळावेत! परंतु राजाचा शब्द दळापर्यंत पोहोचवतो कोण आणि दळाची हालहवाल राजाच्या कानी घालतो कोण, हे काही ती म्हण सांगत नाही. राज्यकारभारातली खरी गंमत, आणि खरा धोकाही, नेमका तिथेच असतो.

प्रारंभीच्या अध्यक्षांचा संसार अगदी आटोपशीर होता. चिटणीस ठेवायचा तर त्याचा पगार अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून द्यायचा! त्यामुळे त्या जागी कित्येकदा घरच्याच एखाद्या पुतण्या-भाच्याची वर्णी लागे. चिटणिसासाठी सरकारी पैसा मंजूर झाला तो १८५७ साली; वर्षाला अडीच हजार डॉलर. यादवी युद्धाचा प्रलय कोसळला तेव्हा लिंकनच्या दिमतीला मुख्यतः दोन तरुण होते, जॉन निकोले आणि जॉन हे. त्यांतल्या दुसऱ्याचे नाव तर भलत्याच खात्याच्या पटावर लावून वेळ भागवली होती. बाहेर नोकऱ्या मागणाऱ्यांची ही गर्दी! १८८१ मध्ये अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, ती नोकरी न मिळालेल्या अशाच एका इसमाने.

पुढे १९३० नंतरच्या महामंदीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नवीनवी खाती काढली आणि एका माणसाला हा पसारा आवरेना. त्यांनी नेमलेल्या ब्राउनलो समितीने १९३७ साली स्पष्ट सांगितले की, अध्यक्षांना मदतनीस हवेत. ते कर्तबगार असावेत, पण प्रसिद्धीपासून दूर राहणारे असावेत. झाले! ‘ही हुकूमशाहीची नांदी’ अशी ओरड सुरू झाली आणि १९३८ मध्ये ते विधेयक लोकप्रतिनिधींच्या सभागृहात थोडक्या मतांनी पडले. पुढल्या वर्षी जरा सौम्य कायदा संमत झाला आणि ८ सप्टेंबर १९३९ च्या आदेशाने अध्यक्षांच्या कार्यकारी कार्यालयाची घडी बसली. युरोपात महायुद्ध पेटून तेव्हा जेमतेम आठवडा लोटला होता.

या घरातली तिजोरीची खोली म्हणजे अंदाजपत्रक विभाग. तो अर्थखात्यातून उचलून इथे आणला. प्रत्येक खात्याची पैशाची मागणी आधी इथल्या चाळणीतून जायची, मग काँग्रेसपुढे. १९७० पासून त्याच्या नावात ‘व्यवस्थापन’ हा शब्दही आला. १९४६ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांचे आर्थिक सल्लागार मंडळ आले. १९४७ च्या कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा मंडळ जन्मले. आणि अगदी दाराशी बसतात ते व्हाइट हाऊसचे खासगी सहकारी, त्यांचा मुख्य कारभारी आणि सुरक्षा सल्लागार.

या दाराशी बसणाऱ्यांचे सामर्थ्य काय वर्णावे! आयझेनहॉवर यांच्या काळात शर्मन ॲडम्स या कारभाऱ्याच्या नजरेखालून गेल्यावाचून सहसा कागद पुढे सरकत नसे. पण एका कारखानदाराकडून घेतलेल्या किमती कोटाचा बभ्रा झाला आणि १९५८ मध्ये त्यांना जावे लागले. १९७१ साली किसिंजर गुपचूप चीनला जाऊन आले, तेव्हा ते परराष्ट्रमंत्री नव्हतेच. निक्सन यांचे सल्लागार होते! वॉटरगेट प्रकरणात १९७३ साली हाल्डमन आणि अर्लिकमन हे निक्सन यांचे दोन द्वारपाल पायउतार झाले आणि पुढे तुरुंगातही गेले.

इथेच मेख आहे. खात्याच्या मंत्र्याला सिनेटची संमती लागते, त्याला समित्यांपुढे उत्तरे द्यावी लागतात. अंदाजपत्रकाच्या प्रमुखालाही १९७४ पासून ही संमती आवश्यक झाली. परंतु मुख्य कारभारी आणि सुरक्षा सल्लागार यांना ना मतदाराने निवडलेले असते, ना सिनेटने पारखलेले. ते उभे असतात केवळ अध्यक्षांच्या विश्वासावर. त्यांच्यावाचून अध्यक्षांचे पान हलत नाही. आणि त्यांच्यावर अंकुश ठेवायचा तोही मुख्यतः अध्यक्षांनीच!

तो कसा ठेवावा, याचा धडा केनेडींच्या कारकिर्दीत सापडतो. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावरची बे ऑफ पिग्जची स्वारी सपशेल फसली. श्लेसिंजर या त्यांच्या सहकाऱ्याने आपली शंका लेखी कळवली होती. पण भर बैठकीत ते गप्प राहिले आणि त्याची खंत त्यांनी पुढे लिहून ठेवली. ऑक्टोबर १९६२ मध्ये त्याच क्यूबात रशियन क्षेपणास्त्रे दिसली. या खेपेस केनेडी काही बैठकींना मुद्दाम गेले नाहीत. साहेब समोर नसले की माणसे मोकळेपणी बोलतात, हे कोणत्याही कचेरीतला कारकून सांगेल! खूप वादावादी झाली. बाँबहल्ल्याचा विचार मागे पडला, आरमारी नाकेबंदी झाली आणि जग अणुयुद्धाच्या कड्यावरून परतले.

कार्यालय तेच, खुर्च्या त्याच आणि माणसेही बरीचशी तीच. फरक पडला तो एवढाच की, नकोसे वाटणारे बोलणे आत येण्यासाठी दार उघडे ठेवले गेले. अध्यक्षांच्या दाराशी किती माणसे आहेत, यापेक्षा त्यांच्यात ‘साहेब, हे चुकते आहे’ असे म्हणणारा एखादा तरी आहे की नाही, यावरच साऱ्यांचे क्षेमकुशल अवलंबून असते.