चाळिशीनंतरची सायकल : आपलाच आकडा आपण कसा मोडायचा?



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. १४ एप्रिलला आमच्या घाटकोपरच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आरोग्य तपासणी शिबिर होतं. दुपारपर्यंत मी साठेक जणांचं बीपी तपासलं. कुणाला गोळी चुकवू नका म्हटलं, कुणाला मीठ कमी करा म्हटलं. गर्दी ओसरल्यावर सोबतची सिस्टर म्हणाली, "ताई, आता तुमचा हात पुढे करा." आकडा आला १५४/९६. थोडं थांबून पुन्हा घेतला, तरी तेवढाच. माझं वय तेव्हा ४४. माझी आई ५१ व्या वर्षी लकव्याने गेली. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी, स्वतःचं बीपी दोन वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितलं. पण पंधरा वर्षं वॉर्डात उभं राहून ड्युटी केलेली, गुडघे चालू देईनात. घरात भाच्याची सायकल धूळ खात पडली होती. सायकलवर शरीराचा बराच भार सीटवर जातो, म्हणून गुडघ्यांना ती चालण्यापेक्षा सोपी पडते. पहिल्या दिवशी तीन किलोमीटरमध्ये धाप लागली. गल्लीतल्या बायका हसल्या, "आता काय वय राहिलं का सायकल चालवायचं?" आजचा लेख या प्रश्नाचं उत्तर आहे.

वय वाढतं, तरी आकडा सुधारतो कसा?

तिशीनंतर आपल्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची ताकद हळूहळू उतरते. बैठं आयुष्य असेल तर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के. पण यातली सगळी उतरण वयामुळे नसते, बरीचशी न हलल्यामुळे असते. नियमित सराव केला की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, मांड्यांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि स्नायू चरबी जाळून जास्त वेळ काम करायला शिकतात. हे बदल पन्नाशीत होतात, सत्तरीतही होतात. वेग तरुणपणी जास्त असतो, पण लांब पल्ल्याला वेगापेक्षा दम आणि धीर लागतो. म्हणून ज्याने चाळिशीत सायकल हातात घेतली, त्याचा सगळ्यात चांगला आकडा पन्नाशीत येऊ शकतो.

दोन खरी उदाहरणं

पहिलं आपल्या महाराष्ट्रातलं. पुण्याच्या प्रीती मस्के या दोन मुलांच्या आई. आजारपण आणि नैराश्यातून बाहेर पडायला त्यांनी चाळिशीत सायकल धरली. जून २०२२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर त्यांनी एकटीने ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. वाटेतला तंगलांग ला हा घाट ५,३०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथे हवा विरळ असते. धाप लागल्यामुळे त्यांना दोनदा ऑक्सिजन घ्यावा लागला. आता हिशेब करा. ४३० किलोमीटरला ५५ तास, म्हणजे थांबे धरून ताशी आठ किलोमीटरही नाहीत. आपल्या रस्त्यावरचा पाववाला याहून जोरात जातो. विक्रम वेगाने झाला नाही, न सोडल्यामुळे झाला.

दुसरं उदाहरण फ्रान्सचे रोबेर मार्शां यांचं. जन्म १९११ चा. आयुष्यभर अंगमेहनतीची कामं केली. आगीच्या बंबावर होते, कॅनडात लाकूडतोडही केली. तरुणपणी सुटलेली सायकल त्यांनी निवृत्तीच्या वयात पुन्हा धरली. २०१२ मध्ये, शंभरी पूर्ण झाल्यावर, ते एका तासात २४ किलोमीटरपेक्षा थोडे जास्त गेले. पुढची दोन वर्षं त्यांनी शिस्तीने सराव केला. बहुतेक दिवस सावकाश, थोडेच दिवस जोरात. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, तोच तास आणि अंतर २६.९२७ किलोमीटर. म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त सुधारणा, तीही शंभरीनंतर. शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची ताकदही वाढलेली दिसली.

सुरू करण्याआधी चार तपासण्या

बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि वजन. पालिकेच्या दवाखान्यात किंवा 'आपला दवाखाना'मध्ये जा. छातीत दुखण्याचा त्रास असेल, घरात कुणी कमी वयात हृदयविकाराने गेलं असेल किंवा तुम्ही तंबाखू खात असाल, तर डॉक्टरांना विचारून ईसीजी काढून घ्या.

बायांनो, हिमोग्लोबिन विसरू नका. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर आधी उपचार. रक्तच ऑक्सिजन वाहून नेतं. ते कमी असताना दम वाढवायला जाणं म्हणजे गळक्या हंड्याने पाणी भरणं.

बीपी १८०/११० किंवा त्याच्या वर असेल तर सायकल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. साखरेसाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबा आणि ती खा.

सराव कसा वाढवायचा?

१. आठवड्यात तीन दिवस पुरेत. दोन दिवस अर्धा तास, एक दिवस लांब फेरी. मधल्या दिवशी शरीराला विश्रांती द्या. स्नायू घट्ट होतात ते विश्रांतीतच.

२. पायडल मारताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढत नाही, म्हणून नाडी मोजण्यापेक्षा ही खूण बरी.

३. अंतर दर आठवड्याला साधारण दहा टक्केच वाढवा. या आठवड्यात १० किलोमीटर झाले तर पुढच्या आठवड्यात ११. चौथा आठवडा हलका ठेवा.

४. दीड-दोन महिने झाल्यावर आठवड्यातून एकदा, मोकळ्या रस्त्यावर एक मिनिट जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं चार-पाच वेळा करा.

५. महिन्यातून एकदा तोच रस्ता, तीच वेळ धरून घड्याळ लावा आणि वहीत तारीख, अंतर, वेळ लिहा. तुमची शर्यत या वहीशी आहे. शेजारणीशी नाही आणि मुलाशीही नाही.

६. सीटची उंची बघा. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात, आणि दोष सायकलीला लागतो.

७. सायकलने हाडं बळकट होत नाहीत. पाळी जाण्याच्या वयात हाडं ठिसूळ होऊ लागतात, म्हणून आठवड्यातून दोनदा जिने चढा, खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठा-बसा.

सकाळी सात-साडेसातच्या आत घरी परत या. ऊन आणि गाड्यांचा धूर, दोन्ही टळतं. हायवेवर जाऊ नका, सर्व्हिस रोड धरा. साडी किंवा ओढणी चेनमध्ये अडकणार नाही असे कपडे घाला. पुढे-मागे दिवा आणि डोक्यावर हेल्मेट असू द्या.

खाणं आणि पाणी

तासाभराच्या आतल्या फेरीला पाणी पुरतं. दीड-दोन तास होऊ लागले की स्नायूंतला साठा संपत येतो, पाय एकदम जड होतात. म्हणून पहिल्या तासानंतर दर अर्ध्या तासाला काहीतरी खा. एक केळं, मूठभर फुटाणे-गूळ किंवा शेंगदाण्याची चिक्की. महाग पावडरी नकोत. घाम खूप येत असेल तर घरीच पाणी करा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मधुमेह असलेल्यांनी आणि मीठ वर्ज्य असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्या बाया वाटेत संडास मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. मी स्वतः तेच करायचे, आणि लघवीची जळजळ ओढवून घेतली. आता फेरी आखतानाच वाटेतलं स्वच्छतागृह बघून ठेवते.

थांबायचं कधी?

छातीत दाब, जबडा, खांदा किंवा डावा हात दुखणं, न थांबणारी धाप, थंड घाम, चक्कर. बायांमध्ये पाठदुखी, मळमळ आणि पित्तासारखं वाटणंही हृदयाचं लक्षण असू शकतं. घरी जाऊन सोडा पिऊ नका. तिथेच बसा, १०८ ला फोन करा.

ज्यांना लांब जायचंय त्यांच्यासाठी

ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या भारतात ठिकठिकाणी होतात, मुंबईतही होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास मिळतात. पहिला-दुसरा असा नंबर काढत नाहीत. वेळेत पोहोचला तो उत्तीर्ण. वयाची वरची अट नसते. आपल्या वस्तीतला पेपर टाकणारा, दूध टाकणारा कितीतरी वर्षं रोज सायकल चालवतो. अंगात दम त्याच्याकडे आधीच आहे, फक्त ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि माझी वही?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर सायकल भाड्याने मिळते. तिथून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर, शेवटी चढ. सोमवारी उद्यान बंद असतं. पहिल्यांदा त्या चढावर मी तीनदा उतरले आणि सायकल ढकलत नेली. सव्वा तास लागला. आठ महिन्यांनी एकदाच उतरले. गेल्या डिसेंबरात एकदाही न उतरता, ४१ मिनिटांत वर पोहोचले. ज्या डोंगरात भिक्खूंनी शेकडो वर्षं वास केला, तिथल्या पायरीवर बसून नेलेली चिक्की खाल्ली. घाटकोपरहून मुलुंड चेक नाका गाठून परत, साधारण २५ किलोमीटर, आता दर रविवारी होतात. आज ४७ व्या वर्षी मी ४४ पेक्षा दमदार आहे.

बीपी आता १३०/८२ च्या आसपास असतं. गोळी चालूच आहे. डोस कमी केला, पण तो डॉक्टरांनी तपासून. सायकल सुरू केली म्हणून मनाने गोळी कुणीही सोडू नका.

हसणाऱ्या बायकांपैकी दोघी आता रविवारी माझ्यासोबत येतात. त्यातली एक ५२ वर्षांची, चार घरची धुणीभांडी करून येते. मागच्या महिन्यात तिने वहीत पहिल्यांदा १५ किलोमीटर लिहिले, आणि खाली स्वतःची सही केली.

या आठवड्यात एकच काम करा. घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी तपासून घ्या. मग कोपऱ्यातली सायकल पुसा, हवा भरा. वही मी सांगितलीच आहे.

जय भीम!