दहा हजार डॉलरचा डाग

सेसिल डीमिल म्हटलं की आपल्याला ‘टेन कमांडमेंट्स’मधला दुभंगलेला समुद्र आठवतो. त्यांचा खरा पराक्रम मात्र त्याच्या चाळीस वर्षं आधीचा, डिसेंबर १९१५मध्ये आलेला ‘द चीट’ हा जेमतेम तासाभराचा मूकपट आहे, असं माझं मत.

एडिथ हार्डी ही उधळ्या स्वभावाची, उच्चभ्रू वर्तुळातली बाई. बेल्जियमच्या निर्वासितांसाठी जमलेला रेड क्रॉसचा दहा हजार डॉलरचा निधी तिच्या ताब्यात असतो. तो ती सट्ट्यात लावते आणि घालवून बसते. अब्रू वाचवायला ती तोरी या धनाढ्य जपानी व्यापाऱ्याकडून तेवढीच रक्कम घेते. बदल्यात स्वतःला देऊ करते. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला शेअर बाजारात घबाड मिळतं आणि ती पैसे परत करायला जाते. तोरी ते नाकारतो आणि आपल्या वस्तूंवर उमटवायच्या तापल्या शिक्क्याने तिचा खांदा डागतो. ती त्याच्यावर गोळी झाडते. आळ नवरा स्वतःवर घेतो.

निधी खाणारी एडिथ, शब्द मोडणारीही एडिथच. तरीही कोर्टात तिने खांदा उघडा करताच जमाव धावून जातो तो तोरीवर. पटकथेचा वंशद्वेष उघड आहे, आणि लॉस एंजेलिसमधल्या जपानी वस्तीने त्याचा निषेध केला तो रास्तच होता.

पण छायालेखक ॲल्विन वायकॉफ यांनी केलेली करामत वेगळी. त्या काळी बहुतेक चित्रपटांत सगळीकडे सारखाच लख्ख उजेड असे. इथे काळोखातून अर्धाच चेहरा उजळतो, तुरुंगाच्या गजांच्या सावल्या कैद्यावर पडतात. गोळी लागलेला तोरी तर कागदी दारामागची सावली म्हणूनच दिसतो; ती घसरते आणि कागदावर रक्त उमटतं. तोरी झालेले सेस्सू हायाकावा भुवईसुद्धा वायफळ हलवत नाहीत. समोर फॅनी वॉर्ड हातवारे करून थकतात (त्यांचा पडद्यावरचा नवरा जॅक डीन हा खऱ्या आयुष्यातलाही नवरा!). खलनायक म्हणून उभा केलेला माणूस त्या स्तब्धतेमुळे चित्रपट खिशात घालतो. पॅरिसमध्ये लेखिका कोलेत यांनी या चित्रपटाचं कौतुक केलं, पुढे तिथे त्यावर ऑपेराही झाला. हायाकावांनी १९१८मध्ये स्वतःची चित्रसंस्था काढली. हॉलिवूडमध्ये आशियाई माणसाने हे करणं तेव्हा साधं नव्हतं.

त्याच वर्षी चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला. महायुद्धात जपान आता अमेरिकेचं दोस्त राष्ट्र होतं. तेव्हा पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या बदलून तोरीचा ‘हाका अराकाऊ’ नावाचा ब्रह्मी हस्तिदंत-सम्राट केला गेला. ब्रह्मदेश पडला ब्रिटिशांचा गुलाम, तिथून तक्रार कोण करणार? वेश, दारं, देव्हारा सगळं जपानीच राहिलं. आज सहज पाहायला मिळते ती हीच प्रत. ती जरूर पाहा, मात्र पाट्यांवर विश्वास ठेवू नका.