थांबवतो कोण, पुढचा की मागचा?

दोस्ता, तुझी सायकल घे आणि अंगणात ये. बसायचं नाही हं! नुसती हातात धरून चालायचं.

ढकलता ढकलता फक्त मागचा ब्रेक दाब. काय झालं? मागचं चाक अडलं आणि मातीत रेघ ओढत फरफटत आलं. सायकल थांबली, पण कुरकुरत!

आता फक्त पुढचा दाब. बापरे! सायकल जागच्या जागी थांबली आणि मागचं चाक चक्क हवेत उचललं गेलं!

असं का? सांगलीहून माधवनगरला येणारी खचाखच भरलेली एसटी आठव. ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक मारला की उभी माणसं कुठे जातात? पुढे! गाडी थांबते, पण अंगं आधीच्याच वेगात असतात. सायकलवर तुझंही तेच होतं. भार पुढे जातो. पुढचं चाक रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. चाकावर जेवढा भार, तेवढी त्याची पकड. मग हलकं चाक बिचारं काय धरणार? ते घसरतं!

म्हणजे गंमत बघ. "पुढचा दाबू नको, तोंडावर पडशील!" असं ज्याच्याबद्दल सगळे सांगतात, तोच थांबवण्यात पटाईत! कोरड्या, सपाट रस्त्यावर एकट्या मागच्या ब्रेकने थांबायला साधारण दुप्पट अंतर लागतं. दुप्पट! समोर म्हैस आडवी आली, तर हा फरक तिलाही कळेल.

भिणाऱ्यांचंही अगदीच चूक नाही बरं का. पूर्वी इंग्लंडात पुढचं चाक भलंमोठं असलेल्या सायकली होत्या. बसायचं जवळजवळ त्या चाकाच्या डोक्यावर! चाक अडलं की स्वार हँडलवरून थेट खाली. मग 1885 मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, माणूस त्यांच्या मधे. धोका कितीतरी कमी झाला! आणि ओळख बघू, त्यानंतर तीनच वर्षांनी, 1888 मध्ये, बेळगावात सायकलींचं दुकान कोणी काढलं? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी! हो, तेच. आपल्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी 1910 मध्ये त्यांनीच वसवली.

मग ब्रेक दाबायचे कसे? दोन्ही एकदम, पण झटका न देता. पुढच्यावर जोर हळूहळू वाढवायचा. हात ताठ, बूड सीटवर मागे सरकवलेलं. भार मागे राहिला की मागचं चाक उचललं जात नाही. आधी मोकळ्या मैदानात, अगदी सावकाश करून बघ.

आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. अमेरिकेत मात्र बहुधा डाव्या! म्हणून दुसऱ्याची सायकल घेतलीस, तर निघण्याआधी दाबून बघायचं.

उसाच्या दिवसांत ट्रॉल्यांमधून पाला पडतो ना रस्त्यावर? तिथे, वाळूवर आणि वळणावर पुढचा ब्रेक जोरात नको. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं की तू सायकलसकट आडवा! वेग आधीच कमी करून टाक.

आणि पावसात? ब्रेक दाबलास तरी सायकल क्षणभर तशीच पळते. का माहितेय? ब्रेकचं रबर आधी रिमवरचं पाणी पुसतं, मगच पकडतं!