कागद कोठे वाचवावा?

दापोलीत वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ लागला की शाळेच्या कपाटातील कागद दमटतो, पाठोपाठ वाळवीही येते. त्यामुळे जुनी रजिस्टरे संगणकावर उतरवावीत, दाखले ऑनलाइन मिळावेत, हा विचार येथे पर्यावरणाच्याही आधी सोयीचा म्हणून पटतो. आपल्या अनेक कुटुंबांतील ज्येष्ठ मंडळी शिक्षणसंस्थांवर विश्वस्त आहेत. ‘कागदविरहित शाळा’ असा ठराव आज ना उद्या त्यांच्यासमोर येईल. त्यावर सही करण्यापूर्वी दोन घटना आठवणे इष्ट ठरेल.

दापोलीला १९७२ पासून स्वतंत्र कृषी विद्यापीठ लाभले आहे; मात्र जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्या विद्यापीठाने २०१७ साली सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. हेतू वेगाचा व पारदर्शकतेचा होता, पण पूर्वतयारी अपुरी होती. ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, पुढील प्रवेशासाठी ताटकळलेल्या मुलांची परवड झाली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. गंमत अशी की, विद्यार्थ्यांनी उत्तरे लिहिली होती कागदावरच. त्यांची पाने नंतर स्कॅन करण्यात आली. उत्तरपत्रिकेचे एक पानही वाचले नाही!

दुसरी घटना अधिक जवळची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांना झोडपले. शाळांची छपरे उडाली, पुस्तके भिजली, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. नेमके त्याच महिन्यात राज्यभर ऑनलाइन शिक्षणाचे पर्व सुरू होत होते. जेथे वीज नाही आणि मोबाइलला रेंज नाही, तेथे मुलाच्या हाती उरते ते छापील पाठ्यपुस्तकच, तेही कोरडे राहिले असेल तर.

आपल्या पेढ्यांनी चोपडा संगणकात नेला, तेव्हा अनेकांनी काही काळ दोन्ही हिशेब समांतर ठेवले. ताळा जमल्यावरच लेखणी खाली ठेवली. शाळेच्या कारभारालाही तोच शिरस्ता लावावा.

हिशेबाचीच गोष्ट निघाली आहे, तर पुढचे गणित पाहा. एक हजार विद्यार्थ्यांची शाळा प्रत्येक घरी महिन्याला चार सूचनापत्रे धाडते असे धरले, तर दहा महिन्यांत ४०,००० पाने होतात, म्हणजे ८० रिमे. नेहमीच्या पातळ ए-फोर कागदाचे एक रीम साधारण २.२ किलो भरते. एकूण पावणेदोन क्विंटल कागद. यातील बहुतेक पाने एकदाच वाचली जातात. सूचनापत्रे, एकाच अर्जाच्या तीन-तीन प्रती, झेरॉक्सचे गठ्ठे यांना येथे खुशाल कात्री लावावी. २०१५ पासून डिजिलॉकरची सोय आहे. तेथून मिळणाऱ्या गुणपत्रिकेची पुन्हा साक्षांकित प्रत मागण्याचे प्रयोजन उरत नाही. मात्र या काटकसरीसाठी प्रत्येक मुलामागे नवा टॅब घेणे हा उलटा व्यवहार होईल. चार-पाच वर्षांत ते यंत्र भंगारात जाते, आणि ते भंगार कागदासारखे मातीत मिसळत नाही.

लहान वर्गांतील वहीला मात्र हात लावू नये. अक्षर वळणावर येते ते गिरवूनच. शासनाने २०२३-२४ मध्ये दप्तर हलके व्हावे म्हणून पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने जोडली होती. मुले वेगळ्या वह्या आणीतच राहिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. त्यापेक्षा जुनी रीत स्वस्त होती: वार्षिक परीक्षा आटोपली की उरलेली कोरी पाने काढायची, दाभणाने शिवायची आणि जूनमध्ये तीच कच्ची वही म्हणून वापरायची. आपल्यापैकी ज्यांची वह्यांची दुकाने आहेत, त्यांना ही सूचना फारशी रुचणार नाही, याची कल्पना आहे.