कवडीचा भाव, रुफियाचा भाव

'कवडीमोल' म्हणजे जवळजवळ फुकट. उर्दूतही 'कौड़ियों के मोल' म्हटले की तोच अर्थ. पण कवडी हे कधीकाळी खरेखुरे चलन होते आणि तिचे मोठे आगर होते मालदीव बेटे.

इब्ने बतूता इ.स. १३४३ मध्ये मालदीवला पोहोचले आणि तिथे काझी झाले. न्यायनिवाडा करता करता त्यांनी बाजारही बारकाईने पाहिला. बेटावरचे लोक समुद्रातून काढलेल्या कवड्या बंगालच्या लोकांना देत आणि बदल्यात तांदूळ घेत. सोन्याच्या एका दीनारला चार लाख कवड्या मिळत. भाव पडला तर दहा लाख. पुढे आफ्रिकेतल्या माली राज्यात त्यांना हीच कवडी बाजारात दिसली. तिथे दीनारला फक्त ११५०! कवडी तीच, पण वाटेत समुद्र आणि वाळवंट. आम्हाला तर विनिमय दर समजावायला याहून सोपे उदाहरण सापडलेले नाही.

आज मालदीवचे चलन रुफिया, आपल्या रुपयाचेच भावंड. शंभर लारींचा एक रुफिया. ही लारी म्हणजे मूळची वाकवलेल्या चांदीच्या तारेची नाणी. विजापूरच्या आदिलशाहीनेही ती पाडली होती आणि कोकणच्या बंदरांत ती चालत असे.

तांदूळ मात्र अजून बाहेरूनच येतो. पीठ, साखर, औषधे, डिझेलही. त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात आणि डॉलर येतात मुख्यतः पर्यटकांकडून. मग डॉलरचा भाव ठरवायचा कसा? आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या कोमोरोस या मुस्लिम द्वीपदेशाने आपला फ्रँक फ्रान्सच्या चलनाला बांधला. फ्रान्सची हमी असूनही जानेवारी १९९४ मध्ये एका फ्रेंच फ्रँकला ५० ऐवजी ७५ कोमोरियन फ्रँक मोजायची वेळ आली. बाहेरून येणारा माल दीडपट महाग! आता तिथे युरोला सुमारे ४९२ फ्रँक हा बांधील दर आहे.

मालदीवने मधली वाट धरली. एप्रिल २०११ मध्ये डॉलरचा भाव १२.८५ रुफियाच्या वीस टक्के खाली-वर राहील असे ठरले. तो वरच्या टोकाला, १५.४२ ला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. पण या भावाने बँकेत हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत. बाहेर काळ्या बाजारात जास्त मोजावे लागतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांपर्यंत चलन अदलाबदलीची सोय दिली, तेव्हा तिथल्या सरकारला थोडा श्वास घेता आला.

झळ बसते ती छोट्या दुकानदाराला, आई-वडिलांना उपचारासाठी परदेशी नेणाऱ्या मुलाला आणि भारतातून तिथे गेलेल्या शिक्षक-परिचारिकांनाही. पगार रुफियात, घरखर्च भारतात, मध्ये डॉलरची टंचाई. आपल्या घरातले कोणी तिकडे नोकरीला निघाले असेल तर पगाराचा आकडा पाहून खूश होण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: पगार कोणत्या चलनात मिळणार आणि दरमहा किती रक्कम बँकेतून घरी पाठवता येणार.