सी ड्राइव्ह कुठे गेला?

मंडळी, मागच्या वेळी आपण जुन्या संगणकावर लिनक्स बसवलं. बसवून झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न येतो: सी ड्राइव्ह कुठे गेला? तर तो इथे नसतोच.

विंडोजमध्ये डिस्कच्या प्रत्येक भागाला वेगळं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये सगळी फोल्डरं एकाच झाडाला लागलेली असतात. त्या झाडाचं मूळ म्हणजे 'रूट', आणि त्याची खूण नुसती एक तिरकी रेघ. पेनड्राइव्ह लावला तरी नवं अक्षर येत नाही. तो बहुधा 'मीडिया' फोल्डरात फांदीसारखा जोडला जातो. यालाच 'माउंट' करणं म्हणतात. काढताना आधी 'अनमाउंट' करायचं, कारण लिहायचा मजकूर कधी कधी मेमरीतच थांबलेला असतो.

आता रूट उघडून बघा. 'ईटीसी'त साऱ्या यंत्रणेच्या सेटिंगच्या फायली असतात, त्यातल्या बऱ्याचशा साध्या मजकुराच्या. 'व्हार'मध्ये सतत बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे नोंदवह्या, छपाईची रांग वगैरे. 'यूएसआर'मध्ये प्रोग्राम. हे नाव मात्र फसवं आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते, तेव्हा तिथे वापरणाऱ्यांच्या, म्हणजे 'यूजर'च्या फायली असत. पहिली डिस्क अपुरी पडली, प्रोग्रामही तिकडे सरकले आणि तिथेच राहिले. माणसांना पुढे वेगळं घर मिळालं: 'होम'.

हे 'होम' आपलं. तुमच्या नावाचं फोल्डर तिथेच असतं. बाहेर काही बदलायला गेलात तर यंत्रणा पासवर्ड मागते. ती अडवणूक नाही, चुकून काही मोडू नये म्हणून घातलेलं कुंपण आहे.

'टीएमपी'पासून मात्र जपा. आम्ही नवीन असताना घाईत एक अर्धा लेख तिथे ठेवला होता. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला आणि लेख गेला, कचरापेटीतही सापडला नाही. ते फोल्डर तात्पुरत्या फायलींसाठीच आहे. पुष्कळ ठिकाणी संगणक सुरू होताना ते रिकामं केलं जातं. चूक आमचीच होती.

आणखी दोन गोष्टी. इंग्रजी नावातलं एक अक्षर मोठं की लहान, एवढ्यानेही दोन वेगळ्या फायली होतात. आणि नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की फाइल लपते. बऱ्याच फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की ती दिसते. तुमच्या वैयक्तिक सेटिंग बहुतेक अशाच फायलींत असतात.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढंच करा. लपलेल्या फायलींसकट होममधलं आपलं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा. उद्या यंत्रणा बिघडली तर ती पुन्हा बसवता येते. मुलांचे फोटो पुन्हा बसवता येत नाहीत.